दोन बोटे कमी पडलेले दावे

श्रावण वद्य अष्टमी हा बाळगोपाळांचा सण होय. चैत्रात रामनवमीलाही आपण देवाला पाळण्यात घालतो. परंतु रामाचे बालपण आदिकवींनी थोडक्यात आटोपले आणि श्रीकृष्णाचे बालपण मात्र भागवतकारांनी अध्यायामागून अध्याय रंगविले. त्याचे रांगणे, त्याचे माती खाणे, त्याच्या खोड्या आणि त्याचे लटके रडणे या साऱ्यांना आपल्या परंपरेने लीला हे नाव दिले आणि त्या लीलांचे श्रवण हे पुण्यकर्म ठरविले.

ज्या घरी आज देवाचा पाळणा सजतो, त्या घरी पुष्कळदा दुसराही एक बाळकृष्ण असतो. त्याचे वय तीन-चार वर्षांचे असते. तो सुंठवड्याच्या वाटीत हात घालतो, पाळण्याच्या माळा ओढतो, फुलांची परडी उपडी करतो आणि दर दोन पळांनी आईचा पदर धरून “माझ्याशी खेळ ना” असा धोशा लावतो. त्याची आई पहाटेपासून उभी असते. तिचा उपवास असतो. कित्येक घरी तर ती कचेरीतील काम उरकून धावतपळत आलेली असते. मूल प्रसन्न आहे, सण मंगल आहे, परंतु तिच्या अंगात त्राण उरलेले नाही.

कीर्तनाची आरती झाली की तरुण माता आम्हांस भेटतात. त्यांतील अनेकींचे म्हणणे एकच असते. “बुवा, मुलाला कसे रमवावे हे सारेच सांगतात; पण आपणच दमून बसलो असलो म्हणजे कसे रमवावे, ते कोणी सांगत नाही.” हा प्रश्न क्षुल्लक नव्हे. दमलेल्या आईच्या तोंडून निघालेला कठोर शब्द आणि उगारलेला हात यांचे मूळ पुष्कळदा द्वेषात नसून शिणात असते. म्हणून आजच्या पुण्यदिवशी त्याच प्रश्नाचा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

दशमस्कंधातील दमलेली आई

या विचाराला आधार शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भागवताच्या दशमस्कंधाचा नववा अध्याय म्हणजे दामोदरलीलेचा अध्याय. तो आपण भक्तिभावाने ऐकतो. परंतु त्यात एका दमलेल्या आईचे किती बारकाईने वर्णन केले आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही.

अध्यायाच्या आरंभीच व्यासांनी एक साधी गोष्ट सांगितली आहे. त्या दिवशी घरातील दासी दुसऱ्या कामांत गुंतल्या होत्या, म्हणून यशोदा स्वतः दही घुसळीत होती. म्हणजे ज्या दिवशी मदतीचे हात दूर गेले, त्याच दिवशी पुढील सारा प्रकार घडला! ती बाळाच्या लीला गात घुसळण चालवीत होती. इतक्यात बाळ आला आणि त्याने रवी धरून काम थांबविले. त्याला लोणी नको होते, खेळणे नको होते. त्याला आई हवी होती. तिने त्याला मांडीवर घेतले आणि पाजू लागली. तेवढ्यात चुलीवरचे दूध उतू जाऊ लागले. बाळ तृप्त झालेला नसतानाच त्याला खाली ठेवून ती धावली.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. बाळ रागावला. त्याने दगडाने दह्याचा डेरा फोडला, डोळ्यांत लटके अश्रू आणले आणि आत जाऊन लोणी खाल्ले. मग उपड्या उखळावर चढून ते माकडालाही वाटले. यशोदा काठी घेऊन मागे लागली. धावता धावता तिची दमछाक झाली, केसांत माळलेली फुले गळून पडली. शेवटी बाळ हाती लागला. तो भ्यालेला पाहून तिने हातातील काठी टाकून दिली आणि त्याला उखळाला बांधू लागली. दावे दोन बोटे कमी पडले. तिने दुसरे जोडले, तरी दोन बोटे कमी. घरातली सारी दावी संपली, अंग घामाने भिजले, अंबाडा सुटला. तेव्हा आईचे ते श्रम पाहून भगवंताला करुणा आली आणि तो आपण होऊन बांधून घेता झाला. ब्रह्मदेवाला, शंकराला आणि लक्ष्मीलाही जो प्रसाद लाभला नाही तो यशोदेला लाभला, असे शुकाचार्य पुढे म्हणतात.

या आख्यानातून आम्ही दोन गोष्टी घेतो. पहिली ही की, आईने दमणे हा दोष नव्हे. भागवतकारांनी यशोदेचा घाम लपविला नाही. उलट त्या घामापुढेच देव नमला असे सांगितले. ‘आई कधी थकत नसते’ असे म्हणून जे तिचा गौरव करतात, ते नकळत तिच्यावर ओझेच लादतात. दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. डेरा फुटला तो बाळ अतृप्त राहिला म्हणून. मूल पदर ओढीत असता “थांब, थांब” म्हणत तासभर अर्धवट लक्ष देण्यापेक्षा, आधी दहा मिनिटे हातातले सारे खाली ठेवून त्याला मांडीवर घ्यावे, त्याच्या डोळ्यांत पाहावे, त्याचे बोलणे पुरते ऐकावे. तृप्त झालेले मूल बहुधा आपण होऊन मांडीवरून उतरते आणि खेळू लागते. अतृप्त मूल तासभर आईला सोडीत नाही. आधी भांडे उतरवावे, मग मूल घ्यावे, हा क्रम सांभाळला तर दूधही उतू जात नाही आणि डेराही फुटत नाही.

ध्रुपद मुलाच्या हाती द्यावे

आता दहा मिनिटे संपली, मूल अजून उत्साहात आहे आणि आई मात्र बसल्या जागेवरून उठण्याच्या स्थितीत नाही, तेव्हा काय करावे? येथे आमच्या व्यवसायातील एक युक्ती उपयोगी पडते.

कीर्तनकार दोन-अडीच तास उभा राहून गातो, बोलतो, नाचतो. श्रोत्यांना वाटते, यांचा दम टिकतो कसा? याचे उत्तर त्या संप्रदायाच्या रचनेतच आहे. वारकरी कीर्तनात बुवा अभंगाचे चरण म्हणतात आणि ध्रुपद टाळकरी उचलतात. नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो. बुवांना बुक्का लावतात, हार घालतात आणि तेवढा वेळ सारी सभा गात राहते. कीर्तन थांबत नाही, रंग उतरत नाही, परंतु बुवांचा गळा विसावतो. उत्तररंगातील आख्यानाला लागणारे बळ त्यांना त्या विसाव्यातून मिळते. जो बुवा सारे काही एकटाच म्हणू पाहतो, त्याचा आवाज आख्यान रंगात येण्यापूर्वीच बसतो.

दमलेल्या आईनेही हेच करावे. खेळाची लय तिने धरावी आणि ध्रुपद मुलाच्या हाती द्यावे. म्हणजे धावणे, आणणे, मोजणे, ओरडणे, सजविणे ही सारी कामे मुलाची, बसणे, पाहणे आणि योग्य वेळी “वा!” म्हणणे हे आईचे. आपण खेळात अखंड हालचाल केली तरच मूल रमते, ही समजूत खरी नाही. मुलाला आईची धावपळ नको असते. आपल्या धावपळीला कोणी तरी साक्षी आहे, एवढे त्याला हवे असते. श्रोत्यावाचून जसे कीर्तन उभे राहत नाही, तसा पाहणाऱ्यावाचून त्याचा खेळ उभा राहत नाही.

बसल्या जागचे, निजल्या जागचे खेळ

या तत्त्वावर उभारलेले काही खेळ आम्ही घरोघर पाहिले आहेत, काही आमच्या नातवंडांनी आम्हांला शिकविले आहेत. त्यांतील निवडक येथे देतो.

पहिला खेळ कुंभकर्णाचा. वाल्मीकींच्या युद्धकांडात कुंभकर्णाला जागे करण्याचा मोठा मौजेचा प्रसंग आहे. राक्षस अन्नाच्या राशी रचतात, शंख फुंकतात, भेरी वाजवितात, अखेर त्याच्या अंगावरून हत्तीही चालवितात. तेव्हा कुठे स्वारी जांभई देते. आईने चटईवर डोळे मिटून पडावे आणि सांगावे, “मी कुंभकर्ण. दहा निरनिराळे आवाज ऐकल्याशिवाय मी उठणार नाही. अंगाला मात्र कोणी हात लावायचा नाही.” मग मुलाने वाटीवर चमचा वाजवावा, टाळ्या पिटाव्या, मांजराचा आवाज काढावा. आईने पडल्या पडल्या फक्त मोजावे. नववा आवाज झाला की मोजणी चुकली म्हणून पुन्हा आरंभ केला, तरी मूल तक्रार करीत नाही. कुंभकर्णाने खरोखर झोपू नये, एवढेच पथ्य.

दुसरा शेषशायीचा. आई क्षीरसागरात पहुडलेले भगवान विष्णू. एका मुलाने लक्ष्मी होऊन पाय चेपावे, दुसऱ्याने गरुड होऊन घरातील वार्ता आणाव्या. “गरुडा, देवघरात किती फुले आहेत ते पाहून ये. अंगणात काय दिसते? बाबा काय करीत आहेत?” गरुडाच्या दहा फेऱ्या होईतो भगवंतांना बरीच विश्रांती मिळते.

तिसरा कीर्तनाचाच. मुलाला उपरणे द्यावे, कपाळी बुक्का लावावा आणि म्हणावे, “आज तू बुवा, मी श्रोता.” मूल जे काही बोलेल ते आख्यान. श्रोत्याला भिंतीला टेकून बसण्याची आणि मधूनमधून मान डोलावण्याची मुभा सर्व संप्रदायांत आहे.

चौथा आणण्याचा. आईने बसल्या जागेवरून हुकूम सोडावा. पिवळ्या पाच वस्तू आण, गोल तीन वस्तू आण, ‘क’ने सुरू होणारी एक वस्तू आण. आणलेल्या वस्तू परत जागेवर ठेवणे हा खेळाचा दुसरा भाग समजावा. म्हणजे आवराआवरीसाठी पुन्हा उठावे लागत नाही.

पाचवा सणाच्या कामाचा. पाळण्यासाठी झेंडू, तेरडा आणि तुळशीच्या मंजिऱ्या एका सुपात एकत्र कराव्या आणि मुलाला त्या वेगळ्या करावयास द्याव्या. कापसाचे पेळू देऊन वाती वळण्यास सांगावे. काल्यासाठी भिजवायचे पोहे पाट्यावर पसरून निवडावयास द्यावे. मुलाच्या हातची वात वाकडीतिकडी होईल, निवडलेल्या पोह्यांत एखादा खडा राहील. राहू द्या, नंतर एकदा हात फिरविता येतो. तो अर्धा तास आपण बसलो होतो आणि मूल आपल्यापाशी होते, हा लाभ मोठा आहे.

सहावा जिवतीच्या कागदाचा. श्रावणात ज्या घरी जिवतीचा पट भिंतीला लावतात, तेथे चित्रांचे आयतेच पुस्तक असते. खांब फोडून आलेला नरसिंह, कालियाच्या फणांवर नाचणारा कृष्ण, मुलांना खेळविणाऱ्या जरा-जिवंतिका आणि हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. आईने मांडीवर मूल घेऊन नुसते विचारावे, “हे कोण? हे का रागावले? वाघावर बसताना भीती वाटत नाही का?” उत्तरे मूल देते. मुलांच्या रक्षणासाठी जिची पूजा करावयाची, त्या देवतेच्या सान्निध्यात आईला पाव घटका टेकता यावे, हे उचितच होय.

याशिवाय आपडी-थापडी, अरिंग-मिरिंग, गावांच्या नावांच्या भेंड्या, भातुकली हे सारे जुने खेळ बसल्या जागचेच आहेत. आमच्या आज्या-पणज्या दिवसभर जात्या-उखळाशी राबत आणि संध्याकाळी ओसरीवर टेकत. मुलांचे बहुतेक जुने खेळ बसलेल्या मोठ्या माणसाभोवती खेळावयाचे का आहेत, याचे उत्तर त्या ओसरीवर सापडावे, असे आम्हांस वाटते.

तीच गोष्ट पुन्हा

पुष्कळ मातांना वाटते की रोज नवी गोष्ट सांगावयास हवी आणि दमलेल्या डोक्यात नवी गोष्ट सुचत नाही. ही चिंता सोडावी. मुलाला नवी गोष्ट नको असते. कालचीच, कालच्याच शब्दांत हवी असते. एक शब्द बदलला तर ते आपल्याला दुरुस्त करते. पारायणाचे मर्म मुलांना उपजतच ठाऊक असते.

आपल्याकडील कथाकारांनीही थकलेल्या निवेदकाचा विचार केला आहे. पंचतंत्रातील विष्णुशर्मा ऐंशी वर्षांचे होते, असे त्या ग्रंथाच्या एका प्रसिद्ध पाठात म्हटले आहे. राजा अमरशक्तीच्या तीन अभ्यासविमुख पुत्रांना त्यांनी सहा महिन्यांत नीतिशास्त्र शिकविले ते कथांच्या बळावर. त्या कथा साखळीसारख्या एकमेकींत गुंफलेल्या आहेत. सिंहाच्या गोष्टीत बैलाची, बैलाच्या गोष्टीत कोल्ह्याची. म्हणून सांगणाऱ्याला हवे तेथे थांबता येते आणि हवे तेथून पुढे जाता येते.

दमलेल्या आईने एकच ठराविक गोष्ट निवडावी, तिच्यात वारंवार येणारे एखादे वाक्य ठेवावे आणि ते वाक्य आले की गप्प राहावे. मूल ते पूर्ण करील. थोड्या दिवसांत आई दोन वाक्ये सांगेल आणि मूल दहा. ध्रुपद मुलाच्या हाती गेले, ते असे.

पडद्याचा आधार

या ठिकाणी भ्रमणध्वनीचा विषय टाळता येणार नाही. आई दमली की तिचा हात प्रथम त्या यंत्राकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार एक वर्षापर्यंतच्या बाळाला पडदा दाखवू नये, दुसऱ्या वर्षीही तो टाळावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासापेक्षा अधिक नको. त्याहून कमी असल्यास अधिक चांगले. ही मर्यादा ध्यानी ठेवावी.

तथापि ज्या आईला ताप आहे, जिच्या घरी दुसरे कोणी नाही, तिने चार वर्षांच्या मुलाला अर्धा तास चित्रे दाखविली म्हणून तिला दोष देण्यास आम्ही तयार नाही. दोष अर्ध्या तासाचा नसतो. अर्ध्या तासाचे चार तास झाले हे घरात कोणालाच न कळण्याचा असतो. म्हणून आरंभीच अवधी ठरवावा, जेवताना आणि झोपण्यापूर्वी यंत्र दूर ठेवावे. शक्य तेथे चित्राऐवजी नुसता आवाज लावावा. कथा, भजन अथवा कीर्तन ऐकताना मुलाचे डोळे आणि हात मोकळे राहतात. ते ऐकता ऐकता चित्र काढते, भातुकली मांडते, नाहीतर झोपी जाते.

उपवास, जागरण आणि सावधगिरी

आजच्या दिवसाचा शीण विशेष आहे, कारण त्यात उपवास आणि मध्यरात्रीचे जागरण यांची भर पडते. धर्मशास्त्रकारांनी व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांचा समावेश आहे. अंगावर पाजणाऱ्या अथवा गर्भवती स्त्रीने निर्जळ उपवासाचा आग्रह धरू नये आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तिच्याकडून तो धरवून घेऊ नये. पाणी, दूध व फळे वेळच्या वेळी घेतली तर व्रतही राहते आणि अंगात मुलासाठी त्राणही राहते.

लहान मुलांना मध्यरात्रीपर्यंत ताटकळत ठेवण्याचेही कारण नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी दहा ते तेरा तास झोप लागते. त्याच्यासाठी दिवेलागणीला पाळण्याची दोरी एकदा ओढू द्यावी, सुंठवड्याची चिमूट हातावर ठेवावी आणि त्याला निजवावे. रात्री बाराचा जन्मसोहळा मोठ्यांनी करावा. अपुऱ्या झोपेने किरकिरणारे मूल आणि जागरणाने गळालेली आई यांची दुसऱ्या दिवशी काल्याच्या वेळी गाठ पडली, म्हणजे सणाचा आनंद कोणालाच राहत नाही.

दमलेल्या माणसाची नजर चुकते, म्हणून खेळ मांडण्यापूर्वी काही गोष्टी पाहून घ्याव्या. समई, निरांजन आणि काडेपेटी मुलाच्या हाताबाहेर असावी. न्हाणीघराचे दार बंद असावे आणि भरलेली बादली उघडी राहू नये. रांगत्या बाळाला थोडे पाणीही घातक ठरते. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, शेंगदाणे, कडधान्य अथवा मणी खेळावयास देऊ नयेत. ते घशात अडकतात. आणि डोळ्यांवर झापड येत असेल, तर तान्ह्याला मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहू नये. त्याला त्याच्या अंथरुणावर उताणे निजवावे.

टाकून दिलेली काठी

इतके करूनही एखादी घटका अशी येते की, मूल रडत असते, दूध सांडलेले असते, दारावर कोणी आलेले असते आणि आईचा हात उगारला जातो. त्या क्षणासाठी आम्ही दशमस्कंधातील एकच कृती पुन्हा पुढे ठेवतो. यशोदेच्या हातात काठी होती, तिचा राग रास्त होता, मूल हाती लागले होते. आणि मुलाच्या डोळ्यांतील भय दिसताच तिने काठी टाकली. शिक्षेचा अधिकार हाती असताना तो सोडून देण्याचे बळ दमलेल्या माणसाला आणावे लागते, ते आपोआप येत नाही. त्यासाठी मुलाला सुरक्षित जागी ठेवावे, दोन पावले दूर व्हावे, पेलाभर पाणी प्यावे, दहापर्यंत आकडे मोजावे अथवा इष्टदेवतेचे नाव घ्यावे. मूल दोन मिनिटे अधिक रडले तर त्याचे काही बिघडत नाही. बसलेला फटका मात्र त्याच्या आणि आपल्याही मनात पुष्कळ दिवस राहतो.

आणि हा शीण एका दिवसाचा नसून रोजचाच असेल, तर त्याला नशीब समजून गप्प राहू नये. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगी रक्ताची कमतरता आढळली. जिना चढताना धाप लागणे, सदैव ग्लानी असणे ही आळसाची लक्षणे नव्हेत. रक्त तपासून घ्यावे. बाळंतपणानंतर मन दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास राहत असेल, रडू येत असेल, बाळाविषयी ओढ वाटत नसेल, तर दृष्ट काढून थांबू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. देवाची करुणा माणसांच्या हातूनच आपल्यापर्यंत येते; वैद्याचा हातही त्यांतलाच एक.

दुसरे बोट कोणाचे?

दावे नेमके दोनच बोटे का कमी पडले, यावर टीकाकारांनी सुंदर विवेचन केले आहे. एक बोट भक्ताच्या श्रमाचे आणि दुसरे भगवंताच्या कृपेचे. श्रम पूर्ण झाले, मग कृपा झाली आणि दोन्ही बोटांचे अंतर भरून निघाले. हा अर्थ शिरोधार्य आहेच. कीर्तनकार या नात्याने आम्ही त्याला संसारातील एक अर्थ जोडतो. घरातील मूल सांभाळताना आईच्या श्रमाचे एक बोट कधीच कमी पडत नाही. कमी पडते ते दुसरे, घरातील इतरांच्या साहाय्याचे.

२०१९ साली केंद्र शासनाच्या सांख्यिकी कार्यालयाने लोकांच्या दिवसाचा हिशेब मांडला. घरासाठी विनावेतन काम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवितात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे त्यात दिसून आले. म्हणजे तिचे पाच तास, तर त्याचे जेमतेम दीड तासाहून थोडे अधिक. त्यातही अशी कामे करणाऱ्या पुरुषांची संख्या मुळात फार थोडी. सणाच्या दिवशी हे अंतर घटते की वाढते, ते प्रत्येक गृहस्थाने आपल्या घरी पाहावे.

यासाठी मोठा त्याग नको. आज दुपारी चार ते पाच हा एक तास वडिलांनी मुलाला देवळात न्यावे, प्रदक्षिणा घालवावी, घंटा वाजवू द्यावी. आजोबांनी गोष्ट सांगावी. आजीने वाती वळण्यास शेजारी बसवावे. ज्या घरी आजी-आजोबा नाहीत तेथे शेजारणींनी आळीपाळीने दोन घरची मुले एकत्र खेळवावी. गोकुळात कृष्ण एकट्या यशोदेचा नव्हता. तो कोणत्याही गोपीच्या अंगणात शिरत असे आणि तेथे त्याला लोणी मिळे, रागावणेही मिळे. सारे गोकुळ त्याला वाढवीत होते. चार भिंतींत एकट्या आईने मूल वाढवावे, ही रीत आपल्या पुराणांतील नव्हे.

आणि त्या एका तासात आईने भांडी घासू नयेत, नैवेद्याची तयारीही करू नये. डोळे मिटून पडावे. देवाच्या पाळण्याची दोरी रात्री बारा वाजता ओढावयाची आहे. ती ओढणाऱ्या हातांना तत्पूर्वी थोडा विसावा मिळाला, तर त्या सेवेत काही उणे पडणार नाही.

आज मध्यरात्री पाळणा हालेल, गुलाल-फुले उधळतील, सुंठवडा वाटला जाईल. प्रसाद घेताना प्रत्येकाने घरातील दमलेल्या माउलीकडे एकदा पाहावे. देवाने जो घाम पाहिला तो आपल्याला दिसावा आणि दाव्याला कमी पडलेले आपले बोट आपण आजच जोडावे, एवढेच मागणे दामोदराच्या चरणी मागून ही सेवा येथे पूर्ण करतो.